चंद्रकळेखालचं उड्डाण

दिवाळी अंकात नोकरीतले अनुभव लिहितात ते बहुधा निवृत्त गृहस्थ. मी निवृत्त नाही, आणि गृहस्थ तर नाहीच. पण आमच्या अमरावतीत पंचविशी ओलांडलेली बिनलग्नाची मुलगी सगळ्यांच्या हिशेबी निवृत्तच असते, आणि संपादकांनी मला त्याच रांगेत बसवलं असावं. त्यांनी एकच सूचना केली: आकाशातून दिसणाऱ्या निसर्गशोभेचं वर्णन भरपूर येऊ द्या. अडचण एवढीच, की ज्या उड्डाणांबद्दल मी सांगणार आहे त्यांत मला काहीच दिसत नव्हतं. न दिसणं हेच तर काम होतं.

खाजगी वैमानिकाचा परवाना माझ्याकडे होता. त्याचा अर्थ असा, की हवा स्वच्छ असेल, खालची जमीन दिसत असेल आणि तुमच्या कमाईवर घरात कोणी अवलंबून नसेल, तर तुम्ही खुशाल विमान उडवा. ढगात, धुक्यात किंवा आमच्याकडच्या उन्हाळी धुळीत शिरायचं तर वेगळं शिक्षण लागतं. बाहेर न बघता, समोरच्या तबकड्यांवरच्या सुयांवरून वेग, उंची, दिशा आणि वळण ओळखून विमान चालवायचं. याला इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणतात. ते मिळालं की पगारी वैमानिक होण्याचा रस्ता मोकळा होतो. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मुंबईला त्याचा वर्ग निघाला आणि अकोल्याच्या आमच्या फ्लाइंग क्लबाला त्यात एक जागा मिळाली. ती जागा मला हवी होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मी सहसा कोणाला काही सांगत नाही. नागपूरच्या इंग्रजी शाळेत इतकी वर्षं काढल्याचा फायदा हा, की मला दोन भाषांत गप्प बसता येतं.

क्लब म्हणजे अकोल्याबाहेर लढाईच्या दिवसांत बांधलेली धावपट्टी, एक पत्र्याची शेड, वरखाली पंखांचं एक जुनं दोन आसनी विमान, आणि भरपूर कार्यकारिणी. माझं पद 'मदतनीस'. नव्या सभासदांना नकाशा आणि हवामान शिकवणं हे काम माझ्याकडे आलं होतं, कारण त्यावरची इंग्रजी पुस्तकं मी वाचली होती. इतरांनी ती विकत घेतली होती. आठवडाभर मी अकोल्याला मावशीकडे राहायची आणि शनिवारी आगगाडीने अमरावतीला घरी जायची. बाबांचा वलगावला संत्र्यांचा बगिचा आणि भाजीचा मळा. लढाईत त्यांनी धावपट्टीवरच्या फौजेला भाजी पुरवली. तेव्हा मी त्यांच्याबरोबर टोपल्या मोजायला जात असे आणि टोपल्या सोडून विमानं बघत असे. बाबांनी मला क्लबात घातलं ते, त्यांच्या मते, चार दिवसांची हौस म्हणून.

शिकवायला कॅप्टन गावंडे होते. माणूस दर्यापूरकडचा. लढाईत त्यांनी बर्मेच्या बाजूला मालवाहू विमानं चालवली होती, आणि ढगांबद्दल ते जसं बोलत तसं लोक भाऊबंदांबद्दल बोलतात. जमिनीवर ते इंग्रजी बोलत. विमानात दोन आसनांमध्ये बोलायला रबरी नळी असते. त्या नळीतून मात्र नुसती वऱ्हाडी यायची.

अध्यक्ष रावसाहेब. जिनिंग-प्रेसिंग आणि कापडाची गिरणी. पुढे स्वातंत्र्य आल्यावर त्यांनी 'रावसाहेब' ही पदवी टाकली, अध्यक्षाची खुर्ची ठेवली. त्यांचे पुतणे बाळासाहेब हे क्लबातले सर्वांत अनुभवी सभासद, असं बाळासाहेब सांगत. मुंबईची जागा त्यांना मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. फक्त दिल्लीहून एक परीक्षक येऊन दोघा-चौघांची चाचणी घेणार, एवढा उपचार राहिला होता.

आता आमच्याकडे विमान कसं चालवत ते सांगायला हवं. रुळांवरून. भुसावळ-नागपूर लोहमार्ग अकोल्यावरून मूर्तिजापूर, तिथून बडनेरा असा जातो. सभासद तो डाव्या पंखाखाली धरत आणि जात. रस्ता चुकल्यासारखं वाटलं तर खाली उतरून स्टेशनावरची पाटी वाचत. नकाशा मांडीवर असे, पण तो डबा ठेवायला. मी वर्गात एकदा म्हटलं, "मूर्तिजापूरला मोठ्या रुळाला छोट्या गाडीचे रूळ फुटतात. एक अचलपूरला जातो, एक यवतमाळला. धुळीत वरून सगळे सारखेच दिसतील."

"मिस, आमचा जनम गेला या रुळायवर," बाळासाहेब म्हणाले. "छोट्या गाडीले आमी वासावरून ओळखतो."

मी पुढचा धडा घेतला.

पुढचा धडा होता शरीर खोटं कसं बोलतं याचा. ढगात शिरलेल्या वैमानिकाला सर्वांत मोठा धोका ढगाचा नसतो, स्वतःच्या कानाचा असतो. कानाच्या आत तोल सांभाळणारं पाणी असतं. विमान हळूहळू वळत राहिलं की ते पाणी स्थिर होतं आणि माणसाला वाटतं, आपण सरळ चाललो आहोत. वळण थांबवलं की त्याला वाटतं, आता उलट्या बाजूला वळलो. मग तो ते 'सुधारतो', आणि सुधारत सुधारत जमिनीवर येतो. हे दाखवायला जत्रेतलं चक्र हवं होतं. ते नसल्यामुळे मी रावसाहेबांची फिरती खुर्ची वापरली. बाळासाहेब आपणहून बसले. डोळ्यांवर रुमाल बांधला आणि मी खुर्ची मागून सावकाश फिरवायला लागले.

"आता?" मी विचारलं.

"डावीकडे. हे त लेकरूही सांगन."

मी फिरवतच राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता थांबवली तुमी." खुर्ची फिरत होती. मग मी ती खरंच थांबवली आणि हात मागे घेऊन उभी राहिले.

"आता उजवीकडे फिरवून राह्यले. अन् जोरात."

सभासद हसायला लागले. बाळासाहेबांनी रुमाल काढला, स्थिर खुर्ची पाहिली, मग माझे मागे घेतलेले हात पाहिले. "ही हातचलाखी हाय," ते म्हणाले.

"खुर्चीतच काई दोष असन," कोणीतरी त्यांची बाजू घेतली.

"खुर्ची रावसायबाची हाय," दुसऱ्याने आठवण करून दिली. तेव्हा दोष खुर्चीत नाही, हे एकमताने ठरलं. मग तो शास्त्रातच असणार.

आता रावसाहेबांचं कापड. बाहेर न बघता उडवण्याची सवय व्हावी म्हणून शिकणाऱ्याच्या आसनावर टांग्याच्या टपासारखा कापडी टोप बसवतात. आकाशात गेलं की शिकणारा तो पुढे ओढून स्वतःला झाकून घेतो. पुढच्या आसनावरचा शिक्षक उघडा, तो जग बघतो. मागचा फक्त सुया बघतो. आमच्या विमानाचा टोप उंदरांनी खाल्ला तेव्हा गावंडेसरांनी काळं जाड कापड मागितलं. कार्यकारिणीने ठराव केला, की कापसाच्या मुलखात बाहेरचं कापड आणणं शोभत नाही. त्या दिवसांत कापड कंट्रोलवर होतं, लोक धोतरासाठी रांगा लावत होते. अशा वेळी रावसाहेबांनी आपल्या गिरणीचं कापड दान दिलं आणि टोप शिवून आला. वर रेशमी अक्षरांत त्यांचं नाव. समारंभ झाला, हार झाले, फोटो निघाला. टोपातून सूर्य दिसत होता.

थोडासा नव्हे, चांगला दिसत होता. कापडाच्या विणीतून तो कंदिलासारखा लुकलुके. सकाळी पूर्वेकडे जाताना समोर, उजव्या गालावर आला की विमान उत्तरेला वळलं. सुयांकडे बघायची गरजच नव्हती. त्यामुळे क्लबातले सगळे टोपाखालच्या उड्डाणात अचानक प्रवीण झाले. बाळासाहेब तर टोपाखाली विडी ओढत, असं ऐकलं. कोणीच तक्रार केली नाही. अध्यक्षांच्या दानातून उजेड येतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मी गावंडेसरांना एकटं गाठलं. "सर, आत सूर्य दिसतो."

"कोनाले सांगतलं?"

"कोणालाच नाही."

"मंग नोको सांगू. माही नोकरी रावसायबाच्या सहीवर हाय."

"मुंबईच्या टोपात दिसेल?"

"मुंबईच्या टोपात सोताचा हात दिसत नाही, पोरी."

"मग मी तिथे काय करीन?"

"पयल्याच हप्त्यात वापस येशीन," ते म्हणाले. "तुह्या बाबाले बरंच होईन."

त्यांना ठाऊक होतं. बाबांनी माझ्याशी सौदा केला होता. चांदूरबाजाराकडचं एक स्थळ वाट बघत होतं. जमीन चांगली, माणसं चांगली, मुलगा बोलत नाही, म्हणजे दोघांचं चांगलं जमेल, असा बाबांचा हिशेब. "मुंबईची जागा भेटली त लगन मांगं," ते म्हणाले होते. "नाही भेटली, नाहीतर तथून तुले वापस धाडलं, त यंदाच्या उन्हाळ्यात अक्षता." म्हणजे नुसती जागा मिळवून भागणार नव्हतं. चाळणीतून सूर्य बघत मिळवलेली जागा मला सरळ मांडवात नेणार होती.

मी क्लबात सांगितलं, टोपावर तेलाचे डाग पडले आहेत, घरी नेऊन धुऊन आणते. यात कोणाला काही गैर वाटलं नाही. धुणं हे माझ्या परवान्यात बसत होतं. शनिवारच्या गाडीत ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाईंनी विचारलं, "तंबू हाय काय, बाई?"

"विमानाचा पदर आहे," मी म्हटलं. त्यांनी बडनेऱ्यापर्यंत पुन्हा विचारलं नाही.

घरी आईने टोप उलगडला आणि खिडकीतल्या उन्हापुढे धरला. आई कधी शाळेत गेली नाही, विमानाला हात लावला नाही, आणि माझ्या उडण्याबद्दल तिचं मत तिने मला कधी सांगितलं नव्हतं. गप्प बसणं मी तिच्याकडूनच घेतलं. शाळेने फक्त त्याचं भाषांतर केलं.

"हे त गाळणं हाय," ती म्हणाली. "याच्यातून ताक गाळाव. कोनं देल्लं?"

"रावसाहेबांनी. दान."

"मंग बराबर हाय."

मी तिला सांगितलं काय हवं आहे ते: आतून अस्तर, असं की काही दिसू नये. बाजारात जाड काळं कापड मिळत नव्हतं, आणि मिळालं असतं तरी कंट्रोलच्या कार्डावर 'विमान' हे घरातल्या माणसांत मोडत नव्हतं. आईने जरा वेळ टोप मांडीवर ठेवला. मग ट्रंक उघडून तळातून तिची चंद्रकळा काढली. काळीभोर, घट्ट विणीची, कडुनिंबाच्या पाल्यात जपलेली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळं लुगडं नेसवतात. आई ती तिच्या पहिल्या संक्रांतीला नेसली होती.

"तुह्या पयल्या संक्रांतीले नेसवाची म्हून ठेवली होती," ती म्हणाली आणि कात्री लावली.

लुगड्याचं दुसरं टोक मी धरलं. बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण काय, ते अजून सुचलेलं नाही. दोघींनी मिळून अस्तर शिवलं. रावसाहेबांचं नाव बाहेर जसंच्या तसं राहिलं. शिवून झाल्यावर आईने तो माझ्या डोक्यावरून ओढला. आत कडुनिंबाचा वास आणि अंधार, अगदी पक्का अंधार.

"दम कोंडते काय?" बाहेरून आवाज आला.

"नाही."

"कोंडन," ती म्हणाली. "मंग सवय व्हते."

तिला सवय होती. आमच्या घरात बायकांनी डोक्यावरून पदर पुढे ओढून, समोर न बघता, चूल, सासू आणि ओसरीवरचे पाहुणे एकाच वेळी सांभाळण्याची पद्धत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. त्याचं रेटिंग अद्याप कोणत्याही सरकारने सुरू केलेलं नाही.

सोमवारी गावंडेसरांनी टोप आतून चाचपला. मग पुढच्या आसनावर चढले. वर गेल्यावर मी टोप ओढून घेतला. समोर फक्त तबकड्यांचं फिकट चमकणं. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मी सरळ चालले होते, याची मला पुरेपूर खात्री होती. मग पंखांमधल्या तारांचा आवाज वाढायला लागला. तारा शिट्टी घालायला लागल्या म्हणजे वेग वाढतो आहे, म्हणजे नाक खाली आहे. मी दांडा मागे ओढला. शिट्टी आणखी वाढली. मी आणखी ओढला. अंग आसनात रुतायला लागलं.

नळीतून शांत आवाज आला. "कुठं जाऊन राह्यली?"

"सरळ, सर."

"वळनाची सुई काय म्हन्ते?"

"डावीकडे. पूर्ण डावीकडे."

"अन् तू?"

"मी सरळ आहे, सर."

"मंग दोघायपैकी खोटं कोन बोलून राह्यलं?"

मी सुईकडे बघितलं. सुईला माझ्याबद्दल काहीही वाटत नव्हतं. तिला उन्हाळ्यात मांडव घालायचा नव्हता, तिला कोणाची खुर्ची सांभाळायची नव्हती. घरच्या आणि क्लबातल्या माणसांपेक्षा ती जास्त भरवशाची होती, हे मला तेव्हा एकदम पटलं. मी ओढणं थांबवलं, सुई मध्यावर आणली. सगळं अंग ओरडून सांगत होतं की विमान उजवीकडे कलंडलं. ओरडू दिलं. शिट्टी कमी झाली. मग नाक हळूच वर घेतलं.

"आता टोप काढ," सर म्हणाले. काढला तर खालच्या शेतातल्या कपाशीच्या पळाटीच्या ओळी मोजता येतील इतक्या जवळ आल्या होत्या. मला वाटलं होतं, सर रागावतील. ते म्हणाले, "तुह्या मायचं लुगडं चांगलं हाय. पुना ओढ." त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. कडुनिंबाचा वास त्यांच्याही घरी येत असावा.

त्यानंतर मी रोज त्या अंधारात गेले. उपकरणांवर उडवण्याची सगळी युक्ती नजर फिरवण्यात आहे. एका तबकडीवर नजर अडकली की बाकीच्या दगा देतात. वेग, वळण, उंची, दिशा, पुन्हा वेग. मान न हलवता, घाई न करता, चेहऱ्यावर काही न दाखवता. सरांनी एकदा विचारलं, "हे तुले कोनं शिकवलं? बाकीच्यायची मान त कोंबडीसारखी व्हते."

मी सांगितलं, "मला बघायला येतात तेव्हा, सर." खाली मान घालून पाटावर बसायचं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून सासू किती कडक, सासरा किती दमेकरी, नणंद काय हेरते आहे, मुलगा कुठे बघतो आहे, हे सगळं पापणीही न हलवता टिपायचं. चार-पाच स्थळं झाली की सराव चांगला होतो. सर नळीतून इतके हसले की विमान हललं. वळणाची सुईसुद्धा हलली, मी नोंद घेतली.

नवा टोप शेडमध्ये सगळ्यांसाठी होता. 'टोपाची दुरुस्ती झाली आहे, सभासदांनी वापरून पाहावा' अशी सूचना मी फळ्यावर लिहिली. गावंडेसर बाळासाहेबांना दोनदा म्हणाले, "एक चक्कर मारून घ्या."

"काहून?" बाळासाहेब म्हणाले. "पोहता येते त्याले रोज हिरीत ढकलता काय तुमी?"

चाचणीच्या दिवशी सकाळपासून धूळ होती. परीक्षक दिल्लीचे, मितभाषी, दक्षिणेकडचे गृहस्थ. त्यांनी वऱ्हाड पूर्वी पाहिलं नव्हतं. रावसाहेबांनी शामियाना घातला होता. बाबा संत्र्यांच्या टोपल्या घेऊन आले होते, कारण बाबा कोणत्याही प्रसंगी संत्र्यांच्या टोपल्या घेऊनच येतात. पहिले बाळासाहेब गेले. टोपाखाली शिरताना त्यांनी शामियान्याकडे बघून हात केला.

पुढचं आम्हाला खालून दिसलं तेवढं असं: विमान पूर्वेला गेलं, एक मोठं, निवांत वळण घेतलं, मग आणखी एक, मग एक जरा तिरकं, मग परीक्षकांनीच ते सरळ केलं असावं, आणि ते धुळीत नाहीसं झालं. बराच वेळ आलं नाही. रावसाहेब म्हणाले, "लांबचं उड्डाण घेऊन राह्यला पोरगा. दमदार हाय." चहा दोनदा झाला.

शेवटी विमान भलत्याच दिशेने आलं. उतरल्यावर परीक्षकांनी शांतपणे पाणी मागितलं. मग हकीकत कळली. टोपात बाळासाहेबांना काहीच दिसेना. ते सरळ जात होते आणि विमान गोल फिरत होतं. परीक्षकांनी टोप काढायला लावला आणि म्हणाले, आता निदान बघून तरी बडनेऱ्याला घेऊन चला. बाळासाहेबांनी खाली रूळ पाहिले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ते पूर्ण विश्वासाने रुळांवरून निघाले. खाली एक छोटी गाडी होती, तिच्यातली माणसं टपावर चढून हात करत होती. पुढे डोंगर दिसायला लागले तेव्हा परीक्षकांनी विचारलं, "बडनेऱ्याला डोंगर आहेत का?"

"आज धुळीनं जवळ दिसून राह्यले," बाळासाहेब म्हणाले.

ते मेळघाटाचे डोंगर होते. छोट्या गाडीचा रूळ धरून ते अचलपूरच्या वाटेला लागले होते. वास आला नसावा.

मग मी. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. संत्रं सोलत होते. वर गेल्यावर मी चंद्रकळा पुढे ओढली. धुळीच्या दिवशी सुद्धा आत तोच कडुनिंबाचा वास. परीक्षकांनी विमान हातात घेतलं, वरखाली, आडवंतिडवं फिरवलं आणि म्हणाले, "घ्या, सरळ करा." माझ्या कानांनी सांगितलं, उजवीकडे. पोटाने सांगितलं, खाली. सुईने सांगितलं, डावीकडे आणि वर. अंगाचं न ऐकण्याची सवय मुलींना लहानपणापासून लावतात. मला ती पहिल्यांदाच उपयोगी पडली. मी सुईचं ऐकलं.

मग ते म्हणाले, धावपट्टीवर घेऊन चला. दिशा आणि घड्याळ, घड्याळ आणि दिशा. वेळ झाली तेव्हा मी सांगितलं, "खाली असायला हवी, सर." टोप मागे सारला. अगदी खाली नव्हती. डाव्या हाताला जरा दूर होती. वऱ्हाडात एवढ्या अंतराला 'हे काय इथंच' म्हणतात. खाली उतरल्यावर परीक्षकांनी टोपाचं अस्तर दोन बोटांत धरून बघितलं.

मी शामियान्यात आले. बाबांपुढे सोललेल्या संत्र्यांचा ढीग होता. एक फोडही खाल्लेली नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातातलं संत्रं पुन्हा सालीत गुंडाळायला लागले.

परीक्षक चहा घेताना सगळ्यांपुढे म्हणाले, की मुंबईला पाठवण्याजोगं नाव एकच आहे, आणि ते माझं. शिवाय रावसाहेबांकडे वळून म्हणाले, "टोप उत्तम आहे. इतका चांगला टोप मी कुठल्या क्लबात पाहिला नाही." रावसाहेब नम्रपणे म्हणाले, "आपल्याच गिरनीचं कापड." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. गावंडेसर खोकत शेडमागे गेले.

मग रावसाहेबांनी घसा साफ केला. "पोरगी हुशार हाय, वाद नाही. पन लगन झालं की क्लबाची जागा वाया जाते. बाप काय म्हन्ते ते पाहाले पाह्यजे." सगळे बाबांकडे वळले. परीक्षकांना एवढं कळलं, की रेटिंगचा शेवटचा भाग संत्रीवाल्या गृहस्थांकडे आहे. ते बाबांकडे आदराने बघायला लागले.

"घरी इचारून सांगतो," बाबा म्हणाले.

गाडीत बाबा रिकाम्या टोपल्या पायाशी घेऊन बसले. सौदा त्यांनीच केला होता, पण जागा मिळेल असं त्यात धरलेलं नव्हतं. मधल्या काळात त्यांनी चांदूरबाजारच्या पाहुण्यांना बुधवारचं बोलावणं पाठवलं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मूर्तिजापूरला छोटी गाडी उभी होती. मोठ्या गाडीशी तिचं काही देणंघेणं नसल्यासारखी. बाबांनी एकदा फिरवलेला शब्द मी पूर्वी पाहिला होता, म्हणून मी कशाचीच आशा धरली नाही. सरळ चालले आहोत असं वाटतं तेव्हाच सुई बघायची असते, आणि इथे सुई नव्हती.

घरी आई ओसरीवर बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. बाबा समोर बसले.

"जागा भेटली तिले," ते म्हणाले. "अन् पाव्हणे त बुधवारी येऊन राह्यले. मान्सं चांगली हायेत. त्यायले आता कोन्या तोंडानं नाही म्हनाव?"

आईने जुडी बांधून पूर्ण केली. गवताच्या काडीची गाठ मारली, पाणी शिंपडलं.

"नाही काहून म्हन्ता," ती म्हणाली. "थांबा म्हना. तिच्या संक्रांतीची चंद्रकळा म्या इमानात लावली. बिना चंद्रकळेची पोरगी कशी धाडाव? दुसरी घेतो, मंग पाहू."

बाबांनी विचारलं, "इमानात?"

"इमानात," आई म्हणाली आणि दुसरी जुडी घेतली.

बाबांनी पाहुण्यांना तसंच कळवलं. रीत ती रीत. पाहुण्यांनाही ते पटलं. त्या घरी रीतीला फार मान होता. मी मुंबईला गेले. तिथला टोप खरोखर काळा होता. पहिल्या दिवशी आमच्यातले काही जण तो फेकून बाहेर आले, घाम पुसत. मला विशेष काही वाटलं नाही. फक्त वास वेगळा होता.

रेटिंग घेऊन परत आले. आता मी त्याच क्लबात टोपाखालचं उड्डाण शिकवते. गावंडेसर नागपूरला गेले. बाळासाहेब कार्यकारिणीवर आहेत आणि नव्या सभासदांना रुळांबद्दल मार्गदर्शन करतात. टोप तोच आहे, वर नाव तेच. दरवर्षीच्या वृत्तांतात रावसाहेबांचे आभार मानले जातात. वृत्तांत मीच लिहिते.

आई दर पौष महिन्यात अमरावतीच्या बाजारात चंद्रकळा बघायला जाते. कंट्रोल उठलं, दुकानं भरली, तरी अजून घेतलेली नाही. गेल्या संक्रांतीला मी तिच्याबरोबर होते. दुकानदाराने गादीवर लुगड्यांची चळत उलगडली, एक काळं, दुसरं काळं, तिसरं काळं. आईने प्रत्येक हातात घेऊन उन्हापुढे धरलं, नीट न्याहाळलं आणि खाली ठेवलं.

"काय झालं, बाई?" त्याने विचारलं.

"रंग पसंत नाही," आई म्हणाली.